डोळे आदी पोचतत

संप सुरू झाला त्या दिवशी आबांनी रामसूरतचाचांचा आवाज ऐकला. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं ते दोघे गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर उभे होते.

हे सांगितलं की ऐकणारा थांबतो आणि विचारतो, असं कसं होईल? ज्यांनी गिरणीतलं साचेखातं पाहिलेलं नाही त्यांना ते समजावून सांगावं लागतं. साचा म्हणजे माग. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असले की माणसाचा शब्द त्यात बुडून जातो. ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून विणकर आवाज न काढता बोलत. ओठ मोठे हलवायचे, जोडीला बोटं. धागा तुटला, मुकादम-जॉबर आला, माझ्या साच्यांकडे बघ, गावाहून तार आली, बायकोला मुलगी झाली, सगळं ओठांवर. भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी. आणि जोडीदाराची रीत अशी की एक चहाला गेला तर दुसऱ्याने त्याचे साचे सांभाळायचे. त्यामुळे ज्याच्याशी दिवसभर बोलणं होई, त्याच्याबरोबर चहा कधीच होत नसे. पाळी सुटली की चाचा शिवडीच्या वाटेला लागत आणि आबा लालबागच्या. गेटवर गर्दीत एकमेकांना हात वर करत. कधी एखादा शब्द कानावर पडला नसेल असं मी म्हणत नाही, पण आवाज ओळखीचा व्हायला एखादा शब्द पुरत नाही.

त्या दिवशी गिरणी बंद होती. गेटसमोर सभा झाली, सभा संपल्यावर रामसूरतचाचा आबांच्या खांद्यावर हात ठेवून, कानाशी तोंड आणून काहीतरी बरंच बोलले, आणि आबांना त्यातलं काही कळलं नाही. आबा म्हणजे माझे वडील, विष्णू सावंत. मी तेव्हा दादरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आबा घरी आले, चपला काढल्या आणि संपाबद्दल एक शब्द न बोलता आईला म्हणाले, "अगो, त्येचो आवाज बारीक आसा!"

"कोणाचो?"

"रामसूरताचो. येवढो थोरलो माणूस, आणि आवाज बासरीवानी. माका वाटलेला जाडो आसतलो."

आई म्हणाली, "गिरण बंद झाली आणि तुमका आवाजाचा पडलाहा?"

आबा गॅलरीत गेले. मग मला म्हणाले, "बाय, येवढी वर्सां मी त्येका मनात आपलोच आवाज दिललो. मालवणी. आज खरो ऐकलंय तर माणूस परको वाटाक लागलो."

आबांच्या स्वभावातलं सगळं या वाक्यात आहे असं मला वाटतं. कुणीतरी परकं वाटू लागलं, याचा त्यांना राग येत नसे. त्यांना ते काम वाटे. तुटलेला धागा दिसला की तो जोडायचा, तसं.

घरातही ते गिरणीतल्यासारखेच बोलत. मोरीकडून आईला काही सांगायचं असलं तर तोंड पूर्ण उघडून, ओठ ताणून, आवाजाशिवाय. आई चुलीकडे तोंड करून असली तर तिला पत्ता नसायचा. मग आबा चिडत, "कधीपासून सांगतंय!" आई म्हणे, "सांगतास खय? जांभई दितास." आणि समोरचा बोलत असला की आबा त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत. ते थेट तोंडाकडे बघत, टक लावून, पापणी न हलवता. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. मला बघायला गिरगावातून मंडळी आली तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाई बोलू लागल्या आणि आबांनी नेहमीप्रमाणे नजर लावली. सासूबाईंनी आधी पदराने ओठ टिपले. मग थोडं बोलून पुन्हा टिपले. शेवटी त्या शेजारी बसलेल्या नणंदेला हळूच म्हणाल्या, "बघ गं, पोहे लागलेत का माझ्या तोंडाला?" हे त्या अगदी हळू म्हणाल्या, पण आबांना ओठांवरून लगेच कळलं. ते गंभीरपणे म्हणाले, "नाय हो वयनी, काय लागूक नाय. तुमी बोला." लग्न ठरलं. सासूबाई ही गोष्ट अजूनही सांगतात, आणि सांगताना पदर तोंडाकडे नेतात.

"डोळे आदी पोचतत," आबा म्हणत, "कान मागसून येतत."

संप लांबत गेला तशी चाळीतली माणसं हळूहळू गावाकडे पांगली. बाकीचे पत्ते खेळत, भांडत, झोपत. आबांनी मात्र एक उद्योग काढला. रामसूरतचाचा शिवडीहून चालत आमच्याकडे येऊ लागले. मूळचे ते पूरबचे, जौनपूरच्या बाजूचे. उंच, खांद्यावर गमछा, आणि खरोखरच बारीक, उंच पट्टीतला आवाज. शब्द एकमेकांना चिकटवून, शेवटाला वर नेत ते बोलत. मुंबईची हिंदी आबांना येत होती, पण चाचांच्या तोंडून ती आली की आबांना तिच्यातले शब्द सुटे करता येत नसत. आबांची हिंदीही काही कमी नव्हती. ती मालवणीच होती, फक्त हिंदी कपडे घातलेली. चाचा हसून म्हणत, "सावंत भाई, तुम बोलत हो तो लागत है नाव में बैठ के बोलत हो."

मग त्यांची पद्धत ठरली. चाचा एक वाक्य आधी आवाजाशिवाय बोलत, साच्यावर बोलायचे तसं. आबा मान हलवत, म्हणजे कळलं. मग तेच वाक्य चाचा आवाजात म्हणत. आबा ऐकत. काही दिवसांनी आबा तोंड भिंतीकडे फिरवून बसू लागले आणि नुसतं ऐकू लागले. अडलं की वळून ओठ बघत, पुन्हा भिंतीकडे. आई तांदूळ निवडत असे. ती म्हणे, "एकच गोष्ट दोन-दोनदा सांगतत. रिकामटेकडे मेले." पण चहा ती दोघांना एकाच वेळी देई. साच्यांवर कधी न जमलेला तो चहा होता. चहापत्ती कमी होत गेली, तरी तो कप तिने थांबवला नाही.

एक दिवस आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि चाचा गावाकडच्या म्हशीची गोष्ट सांगत होते. म्हैस विहिरीत पडली, सगळा गाव जमला, चाचांचे काका दोर घेऊन उतरले आणि दोर म्हशीऐवजी त्यांच्याच कमरेला राहिला. आबा भिंतीकडे बघत हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मागे वळून बघितलंच नाही. चाचा गोष्ट थांबवून म्हणाले, "समझ गए? बिना देखे?" आबा म्हणाले, "समझा. तुमरा काका गाढव था." त्या दिवशी आमच्या घरात संपाच्या काळातला सर्वांत मोठा आनंद झाला, असं मला आठवतं. हातात काही नव्हतं तरी.

पुढे मी मानसशास्त्र शिकले आणि दादरच्या एका कॉलेजात शिकवू लागले. या दोघांनी संपात काय केलं होतं ते मला तेव्हा पुस्तकांतून समजलं. आपला कान अक्षरं मोजून घेत नाही. मेंदू सतत अंदाज बांधत असतो, आणि ते अंदाज लहानपणापासून ऐकलेल्या बोलण्यावर बेतलेले असतात. वेगळ्या धाटणीचं बोलणं आलं की अंदाज चुकू लागतात आणि माणूस म्हणतो, हा काय बोलतो कळत नाही. पण काय बोललं जातंय हे दुसऱ्या कुठल्या वाटेने आधी कळलं, ओठांवरून, लिहिलेल्यावरून, तर मेंदू मागे जाऊन आपलं माप दुरुस्त करतो. थोड्याशा बोलण्यातसुद्धा हे सुरू होतं. आणि नवीन माप तो बऱ्याचदा त्या माणसापुरतं ठेवतो, जशी घरात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टोपीसाठी भिंतीवर एक खुंटी ठेवावी.

मी हे आबांना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"बरा लिवल्यानी," ते म्हणाले. "पण तेवा माका ह्या कायएक म्हायत नव्हता. माका फक्त त्येचो आवाज व्हयो होतो."

संपाचं पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चाचा गावी परतले. आबांना दादरच्या एका इमारतीत लिफ्टमनची नोकरी मिळाली. साच्यांमुळे त्यांच्या कानांची धार तोपर्यंत गेली होती, आणि वर्षागणिक ती आणखी जात राहिली, पण लिफ्टमध्ये तीन बाजूंनी आरसे होते. कोणी "चौथा" म्हणालं की आबांना आरशात दिसे. तऱ्हेतऱ्हेची माणसं येत, मद्रासी, गुजराती, बंगाली. नवा माणूस आला की आबा त्याला मुद्दाम काहीतरी विचारून बोलतं करत. "माणसाक पयला बोलूक देवचा, समाजता मगे," हे त्यांचं ठरलेलं. आणि पुन्हा विचारायला ते कधी लाजले नाहीत. "दुसऱ्यांदा इचारला तर माणूस वैतागता. तिसऱ्यांदा इचारला तर हसता. म्हणून दोनदा इचारून थांबाचा नाय." आरशांचा एक त्रास मात्र होता. लोक लिफ्टमध्ये कुजबुजत आणि आबांना सगळं दिसे. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण कोणाला सोडून जाणार आहे. अशा वेळी ते मान खाली घालून डोळे मिटत. "लोक कान झाकतत," ते आईला म्हणाले होते, "माका डोळे झाकूचे लागतत."

बऱ्याच वर्षांनी रामसूरतचाचा परत आले. त्यांचा मुलगा सुरेश शिवडीला गोदामात ट्रकवर होता, त्याच्याकडे. चाचांचा आवाज बसला होता. आधी सर्दी वाटली, मग परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, घशातली स्वरपेटी काढावी लागेल. काढली तर जगतील. पण मग आवाज राहणार नाही.

चाचांनी नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर चांगले होते, तरुण होते, त्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं. सून रडली. सुरेश आमच्याकडे आला. माझी आई तोवर गेली होती आणि मी आबांजवळ जाऊन-येऊन असायचे. सुरेश आबांना म्हणाला, "चाचाजी, आप बोलके देखो. मेरी तो सुनतेच नहीं. बोलते हैं, गूँगा होके जीने से अच्छा ऐसेच जाऊँगा."

आम्ही गेलो. सकाळची वेळ, बाहेरच्या रुग्णांची रांग, बाकांवर माणसं, कुठे नाव पुकारत होते, कुठे मूल रडत होतं, ट्रॉलीची चाकं वाजत होती. चाचा भिंतीशी बसले होते. खूप वाळले होते. आबांना बघून ते उठायला गेले, आबांनी बसवलं. चाचांनी काहीतरी म्हटलं. त्या गोंगाटात त्यांचा बसलेला आवाज मलाही नीट ऐकू आला नाही, आणि आबांना तर आता अशा ठिकाणी काहीच ऐकू येत नसे.

आबा त्यांच्यासमोर बाकाच्या कडेवर बसले आणि तोंड उघडून बोलू लागले. आवाज न काढता. ओठ ताणून, जोडीला बोटं, अगदी साच्यावर उभं राहिल्यासारखे. चाचांनी क्षणभर बघितलं. मग त्यांचेही ओठ तसेच हलू लागले. किती वेळ ते असे बोलत होते कोण जाणे. सुरेश आणि मी शेजारी उभे होतो आणि आम्हाला एक अक्षरही कळत नव्हतं. एकदा चाचांनी डोळे पुसले. एकदा दोघेही हसले. समोरच्या बाकावरची एक बाई मला म्हणाली, "दोघंपण मुके आहेत का हो? भाऊ भाऊ काय?" मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

शेवटी आबा उठले आणि सुरेशला मोठ्याने म्हणाले, "डॉक्टरला बोल, करो बोलके."

घरी येताना मी विचारलं, काय बोललात एवढं?

"त्येणी इचारल्यान, आवाज गेलो तर माज्याशी बोलतलो कोण. मी म्हटलंय, बोलणार तू, बघणार मी. अरे, आपल्यात आवाज होतो कधी? तो तर संपात इलो. गिरण चालू होती तेवा आपण बिनआवाजाचेच मैतर होतो ना?" थोडं चालून ते म्हणाले, "मगे तो म्हणालो, और तू मर गया तो? मी म्हटलंय, ता मगे बघूया."

शस्त्रक्रिया झाली. चाचांच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र ठेवलं होतं, त्यावर सुती कापडाचा तुकडा असे. त्यांना लिहिता येत नव्हतं, पाटीचा उपयोग नव्हता. पहिले काही दिवस वॉर्डात गमतीदार साखळी चाले. चाचा ओठांनी त्यांच्या पूरबी हिंदीत काही म्हणत. आबा ते बघून मालवणीत मोठ्याने सांगत. केरळच्या नर्सबाई माझ्याकडे बघत, मी ते हिंदीत करी, त्या इंग्रजीत लिहून घेत. पाठीखालची उशी थोडी वर करा, एवढीच मागणी असे. एकदा चाचांनी बराच वेळ ओठ हलवले आणि आबा नुसते हसले. नर्सबाईंनी विचारलं, "क्या बोला?" आबा म्हणाले, "वो मेरे को गाली दिया. वो मत लिखो."

इस्पितळातून एक लहान यंत्र मिळालं होतं. गळ्याला टेकवून ओठ हलवले की त्यातून घरघर आवाज येई. चाचांनी ते थोडे दिवस वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं. मच्छर बोलल्यासारखं वाटतं, असं म्हणाले. अर्थात आबांना म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी चाचा आमच्या चाळीत येत. गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर. एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला आवाज नव्हता. "आता जोडी बराबर जमली," आबा म्हणत. रस्त्यापलीकडे गिरण्यांच्या जागी टॉवर उठत होते, पाया ठोकणाऱ्या यंत्रांनी चाळ थरथरे, शेजारीपाजारी कंटाळून दारं लावून घेत. हे दोघे मात्र त्या आवाजात अगदी घरच्यासारखे बोलत बसत. मी चहा नेऊन ठेवी, दोघांना एकाच वेळी.

सुरेशला वडिलांचं थोडंफार कळू लागलं होतं, पण तो ट्रकवर, दिवस दिवस बाहेर. सून प्रयत्न करी. एखादं वाक्य तिला कळलं नाही तर चाचा हात झटकत, आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं की तोंड फिरवून घेत. मग ती विचारेनाशी झाली.

गेल्या वर्षी आबा थकले. छातीत पाणी झालं होतं. एका रविवारी चाचा यायच्या वेळेला त्यांनी मला हाक मारली. ते खाटेवर पडून होते. "तू हय बस," त्यांनी खुर्ची दाखवली. "माज्या जाग्यार."

"मी काय करू तिथे?"

"बघ त्येच्या तोंडाकडे. डोळ्यांकडे बघू नको, तोंडाकडे. लाजा नको. तू येवढी शिकलंस, पोरांका शिकयतंस. ह्या पण शिक."

"आबा, मला नाही जमणार ते. तुमची इतक्या वर्षांची सवय."

"मी तरी आवशीच्या पोटात शिकलंय काय?" त्यांना धाप लागली. थांबून ते म्हणाले, "त्येका मी सबूद दिलो. बोलणार तू, बघणार मी. आता मी ऱ्हवलंय नाय तर बघतलो कोण?"

चाचा आले. मी बसले. आबा खाटेवरून दोघांकडे बघत होते. चाचा एक वाक्य बोलत, मी काय समजले ते सांगे, आबा मान हलवून बरोबर की चूक ते दाखवत. ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. त्या खुर्चीत बसल्यावर सगळंच सारखं दिसू लागलं. मी चुकत होते, चाचा कंटाळत नव्हते, आबा थकत होते. असे थोडे रविवार मिळाले. शेवटच्या एका रविवारी चाचा काहीतरी लांबलचक सांगू लागले आणि मध्येच मला विहीर दिसली, दोर दिसला. मी हसले. खाटेकडे बघितलं तर आबा डोळे मिटून पडले होते, आणि त्यांचे ओठ हलले. मला ते वाचता आलं. "म्हशीची," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गेले.

बाराव्याला चाचा सुरेशबरोबर आले. गर्दी होती. ते आबांच्या फोटोसमोर उभे राहिले आणि फोटोशी बोलले, ओठ ताणून, जोडीला बोटं. माझ्याकडे त्यांची पाठ होती, म्हणून काय बोलले ते मला माहीत नाही.

चाचा अजून रविवारी येतात. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसतात, मी आबांच्या. ते बोलतात. मला निम्मं कळतं. उरलेलं मी विचारते, पुन्हा विचारते, आणि तिसऱ्यांदाही विचारते.